डब्यातला सिनेमा आणि घाटाखालचे ऊन

माळ्यावरचा डबा खाली आला की झाकण उघडायच्या आधीच वास येतो. चायनीजच्या गाडीवर मंच्युरियनसोबत मिळणाऱ्या बाटलीचा असतो, तसा आंबट. घरातल्यांना वाटते, आत उंदीर मेला असावा किंवा काहीतरी सांडले असावे. झाकण गंजून बसलेले असते, ते उलथन्याने उचकटावे लागते. आत तपकिरी पडलेले रीळ. पहिला वेढा हाताला चिकटतो, दुसरा करकरतो. मग घरातले कुणीतरी हमखास म्हणते, ‘थांबा, ओल्या फडक्याने पुसून घेऊ.’

या एका वाक्यापाशी सगळा वाद सुरू होतो. जुन्या रिळाला घरी हात लावावा का? लावला तर कशाने पुसावे? पुसल्यावर ते कुठे ठेवावे? आणि ठेवण्यापेक्षा पुण्याला संग्रहालयात पाठवून मोकळे व्हावे का? जुने ऑपरेटर, हौशी संग्राहक, संग्रहालयातले जाणकार आणि स्कॅनिंग करणारे तंत्रज्ञ यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ही उत्तरे सध्या कुठवर आली आहेत, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांचा विचार समोर ठेवून येथे पाहू. कारण बहुतेक सल्ले थंड देशांतून आलेले आहेत आणि मलकापूर-नांदुऱ्याचा मे महिना त्यांच्या हिशेबात धरलेला नाही.

रीळ घरात आले कसे

सिनेमाची प्रिंट ही थिएटरमालकाच्या मालकीची वस्तू कधीच नव्हती. ती भाड्याने यायची आणि परत जायची. आपला भाग सिनेधंद्याच्या नकाशावर ‘सीपी-बेरार’ या वितरण क्षेत्रात मोडतो. अमरावती आणि भुसावळ ही त्याची ठाणी. मध्य भारतातल्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे, मुख्य कार्यालयही भुसावळचे. भुसावळहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत अकोल्याकडे जाते आणि जलंबहून एक फाटा खामगावला येतो. पत्र्याच्या पेट्यांतल्या प्रिंटांना यापेक्षा सोयीचा मार्ग नव्हता. मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने चालून झालेली प्रिंट तालुक्याला पोचेपर्यंत झिजलेली असायची. पडद्यावर उभ्या रेघांचा ‘पाऊस’ आणि जॉइंटपाशी उडणारा संवाद यांची प्रेक्षकांना सवयच होती.

त्याखालच्या पायरीवर तंबू. जत्रेत ट्रकवर प्रोजेक्टर लादून येणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांकडे बऱ्याचदा जुन्या प्रिंट असत आणि त्यातल्या काही परत गेल्याच नाहीत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या या तंबूंचा शेवटचा काळ टिपलेला आहे. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. तिसरा प्रवाह सरकारी. १९४८मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापट-माहितीपटांच्या १६ मिलिमीटरच्या प्रती प्रचारगाडीतून गावोगाव फिरत. कुटुंबनियोजन, खते, देवीची लस असे त्यांचे विषय. चौथा प्रवाह अगदी बारीक, तो घरगुती कॅमेऱ्याचा. कापसाच्या व्यापारात पैसा आलेल्या किंवा परदेशी जाऊन आलेल्या एखाद्या घरात ८ मिलिमीटरचा किंवा १९६५नंतरचा सुपर ८ कॅमेरा असायचा. लग्न, मुंज, विहिरीवरची मोट असे काही त्यात सापडते. सुपर ८चे एक रीळ ५० फुटांचे, म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटांचे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थिएटरांत डिजिटल प्रक्षेपण आले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत नव्या प्रिंट येणेच थांबले. प्रोजेक्टर भंगारात गेले. परत मागायला कुणी उरले नाही म्हणून काही रिळे ऑपरेटरांच्या घरी, काही थिएटरच्या अडगळीत राहिली. घरातल्या रिळांचा प्रश्न आज निघतो तो यामुळे.

आधी ओळख पटवावी लागते

या विषयात पहिल्याच पायरीवर सगळ्यांचे एकमत आहे. रीळ कशाचे आहे हे कळल्याशिवाय काही करायचे नाही. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र असते ते या थरातल्या चांदीच्या कणांचे. खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. तिथल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको की चांदी आहे म्हटल्यावर ती काढणारेही असणार. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत असत, की जुनी रिळे चांदीसाठी धुऊन काढली गेली आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या झाल्या. आपले मूकपट नाहीसे झाले त्यात आगीइतकाच या धंद्याचाही वाटा होता.

पट्टी तीन प्रकारची असते. १९५०-५१पर्यंतच्या ३५ मिलिमीटर फिल्म बहुधा नायट्रेटच्या. ती आपल्याच ज्वलनातून प्राणवायू तयार करते, त्यामुळे पेटली की पाण्याखालीही जळते. जुनी, बिघडलेली नायट्रेट फिल्म सतत सुमारे ४१ अंश सेल्सिअस उष्णतेत राहिली तर आपोआप पेटू शकते, हे चाचण्यांत दिसलेले आहे. खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५वर जातो. टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून तापतो. त्यामुळे काठावर ‘नायट्रेट’ असे इंग्रजी अक्षर दिसले, किंवा फिल्म मधासारखी चिकट, फेसाळ झालेली असली, तर पुसण्याचा विचार सोडावा. डबा घराबाहेर, सावलीत, एकटा ठेवावा आणि जाणकाराला कळवावे. सिनेमाच्या ज्वालाग्राही फिल्म साठवण्यासाठी १९४८चे वेगळे नियम आहेत. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना करते आणि तिचे मुख्यालय नागपूरला आहे. पेट्रोल आणि सिनेमा एकाच खात्याकडे का, याचे उत्तर नायट्रेटचा एक तुकडा पेटताना पाहिला की मिळते. तुकडा जाळून ओळख पटवण्याची जुनी पद्धत मात्र घरात कुणी करू नये.

दुसरी ॲसिटेट. घराघरांत सापडणारी बहुतेक रिळे हीच. १६ आणि ८ मिलिमीटरच्या फिल्म तर सुरुवातीपासून या ‘सेफ्टी’ प्रकारातल्या. आंबट वास हिचाच. ओलावा आणि उष्णता मिळाली की पट्टीतून ॲसेटिक ॲसिड सुटते, म्हणजे व्हिनेगरच. हे आम्लच पुढच्या विघटनाला जोर देते, म्हणून एकदा सुरू झालेला प्रकार वाढतच जातो. पट्टी आकसते, जिलेटिन तेवढे आकसत नाही, आणि चित्राला सुरकुत्या पडतात. या रोगाच्या इतिहासात आपल्या देशाला एक विचित्र मान आहे. ट्रायॲसिटेट फिल्म १९४८मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत कोडॅक कंपनीकडे तिच्या बिघाडाची पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडून. दमट उष्णतेत ठेवलेली फिल्म होती ती. तोवर ही फिल्म टिकाऊ समजली जात होती.

तिसरी पॉलिएस्टर. शेवटच्या काळातल्या प्रिंट या प्रकारच्या. तिला वास नसतो आणि ती हाताने फाटत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे गुंडाळी आडवी धरून उजेडाकडे पाहावे. पॉलिएस्टरच्या वेढ्यांतून उजेड आरपार येतो, ॲसिटेटमधून येत नाही. काठावरची अक्षरेही वाचावीत. कोडॅकच्या फिल्मवर गोल-चौकोन-त्रिकोणाच्या खुणा असतात. त्या दर २० वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे वर्ष ठरवताना कपड्यांवरून, मोटारींवरून खात्री करावी लागते. ‘इंदू’ असे नाव दिसले तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची.

पुसण्याचा वाद

आता मुख्य भांडण. सर्वांत जुना पक्ष ऑपरेटरांचा. त्यांच्या केबिनमध्ये रीळ उलट गुंडाळताना दोन बोटांत मऊ कापड धरून फिल्म त्यातून सोडायची रीत होती. कापडावर ‘सीटीसी’चे चार थेंब. सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. तेल, ग्रीस, धूळ एका फेरीत निघायची, फिल्म लगेच सुकायची, आग लागायची भीती नसायची. हे द्रव्य यकृताला घातक आहे हे केबिनमध्ये फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ओझोनच्या करारामुळे भारतात त्याचा असा वापर २०१०पासून बंद झाला. ते गेल्यावर त्याच्या जागी पांढरे पेट्रोल, रॉकेल, थिनर असे जे हाताशी येईल ते वापरले गेले. ऑपरेटरांची बाजू मात्र सरळ होती. फिल्म चालवायची वस्तू आहे आणि कचरा अडकलेली फिल्म मशीनमध्ये गेली की पुढचे हजार फूट खरवडते. रोज चार खेळ करणाऱ्या माणसाचे हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. मला तरी त्यांच्या हाताची सफाई आजच्या कुठल्याही पुस्तकी सूचनेपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते, द्रव्याची निवड सोडून.

दुसरा पक्ष संग्रहालयांचा. ते म्हणतात, घरी द्रव लावूच नका. कोरडी तपासणी, सैल धूळ काढणे, नवा डबा, नोंद, एवढ्यावर थांबा. कारण साधे आहे. धुळीने फिल्म मरत नाही, घासण्याने मरते. धुळीतला वाळूचा एक कण कापडात अडकला आणि कापड न बदलता पन्नास फूट फिल्म त्यातून गेली, तर पन्नास फुटांची एकसलग रेघ तयार होते. ओल्या फडक्याचा प्रश्न याहून वाईट. जिलेटिन पाण्याने फुगते आणि मऊ पडते. बुरशी लागलेल्या फिल्मवर तर ते आधीच अर्धवट विरघळण्याजोगे झालेले असते. त्यावर ओले कापड फिरले की बुरशीबरोबर नवरदेवाचा चेहराही निघून येतो. संग्रहालयवाले आणखी एक बारीक गोष्ट दाखवतात. ॲसिटेटच्या रिळावर दिसणारी पांढरी भुकटी नेहमी बुरशीच असते असे नाही. पट्टी लवचीक राहावी म्हणून घातलेले द्रव्य बाहेर येऊन त्याचे स्फटिक बनतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, हे स्फटिक चुऱ्यासारखे सुटे असतात. पहिला आजार ओलाव्याचा, दुसरा आम्लाचा, आणि दोन्हींवर उपाय वेगळे.

तिसरा पक्ष हौशी संग्राहकांचा. त्यांना रीळ पाहायचेही असते आणि टिकवायचेही. परदेशी हौशी लोक तयार मिळणारी फिल्म क्लीनर वापरतात. त्यांपैकी काहींत वंगणही असते, त्याने कोरडी पडलेली फिल्म मशीनमधून सुळकन जाते. आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलवर सगळ्यांचे येऊन थांबते. इथे एक चूक वारंवार होते. औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे असते, म्हणजे बाकीचे पाणी. वापरायचेच तर ९९ टक्क्यांचे, रसायनांच्या दुकानातले. करोनानंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या पडून आहेत, त्यांत ग्लिसरीन असते आणि ते फिल्मवर चिकट थर सोडते. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन तर ॲसिटेटची पट्टीच विरघळवते. काठावर तपकिरी चुंबकीय पट्टी असलेल्या, म्हणजे आवाजाच्या, सुपर ८ फिल्मला कुठलेही द्रव लावताना आवाज पुसला जाण्याचा धोका वेगळाच.

या पक्षाची पद्धत जवळून पाहिली तर ती अशी चालते. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर, पंखा बंद, खिडकी उघडी. दोन बाजूंना हाताने फिरवायच्या गुंडाळण्या. सुती, धागा न सुटणारे धुतलेले कापड चौपदरी केलेले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते इतके हलके धरायचे की फिल्म अडली तर कळावे. दर दहा-पंधरा फुटांवर थांबून कापडाची घडी उलटायची. पहिल्या घडीवर काळी रेघ उमटते, तिसरीवर राखाडी. रेघ उमटायची थांबली की पुसणेही थांबवायचे. द्रव लावले असेल तर कापड ओलसर, ओले नव्हे, आणि वेढा पडायच्या आत फिल्म सुकलेली असावी इतक्या सावकाश. हातमोजे घालावेत का, यावरही मतभेद आहेत. सुती मोजा फाटक्या छिद्रात अडकतो आणि त्याच्या बोटांना फिल्मचा ताण कळत नाही, म्हणून काही अनुभवी लोक स्वच्छ धुतलेल्या उघड्या हातांनी, फक्त काठाला धरून काम करतात.

जुने जॉइंट हा याच टप्प्यावरचा उपप्रश्न. ऑपरेटर ब्लेडने जिलेटिन खरवडून सिमेंट लावून जॉइंट मारत. त्या सिमेंटने पॉलिएस्टर जोडली जात नाही, तिला खास टेप लागते. घरातली सेलोटेप दोन्हींना चालत नाही. तिचा डिंक वर्षभरात पाझरून शेजारच्या वेढ्यांना धरतो.

चौथा पक्ष स्कॅनिंगवाल्यांचा, आणि त्यांच्यामुळे वादाचा रोखच बदलला आहे. पट्टीच्या मागच्या बाजूच्या ओरखड्यांवर ते घासण्याचा उपाय करत नाहीत. पट्टीइतकाच प्रकाश वळवणाऱ्या द्रवात फिल्म बुडवून ती स्कॅन करतात. द्रव ओरखड्यात भरतो आणि रेघ दिसेनाशी होते. जिलेटिनच्या बाजूचा ओरखडा मात्र तसा भरत नाही, कारण तिथून चित्रच गेलेले असते. उरलेली धूळ संगणकावर काढता येते. मग घरी पुसून धोका कशाला पत्करायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्याही बाजूला एक अडचण आहेच. आकसलेली फिल्म साध्या यंत्रात चढत नाही. आकसणे एक टक्क्याच्या आसपास गेले की दात आणि छिद्रे जुळत नाहीत. लग्नाच्या व्हिडिओंचे रूपांतर करून देणाऱ्या दुकानात प्रोजेक्टरवर चालवून भिंतीवरचे चित्र टिपतात, त्याला स्कॅनिंग म्हणता येणार नाही. तिथे दिलेले रीळ परत येते तेव्हा छिद्रे फाटलेली असतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

रंगाबद्दल पक्षभेद नाहीत, कारण करण्यासारखे काही नाही. इस्टमनकलरच्या ऐंशीच्या दशकाआधीच्या प्रिंट गुलाबी पडतात. निळा आणि पिवळा रंग उडतो, किरमिजी मागे राहतो. पुसून तो परत येत नाही. उरलेला रंग संगणकावर ओढून काढता येतो, तोही थोडाफार.

ठेवण्याचा वाद, आणि आपले हवामान

पुसण्यावर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मीही ठेवण्यावर होत नाही. माझ्या मते हे उलटे आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने ॲसिटेटवर जे काम केले त्यातून निघालेला हिशेब असा. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या ताज्या फिल्मला आंबट वास धरायला सुमारे ४० वर्षे लागतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की ही मुदत साधारण दुप्पट होते. तोच हिशेब वरच्या दिशेने केला तर ३२ अंशांना दहाएक वर्षे उरतात. साठच्या दशकातले रीळ आपल्याकडे आज आंबले असेल तर त्याने बराच तग धरला असेच म्हणायला हवे.

यात एक दिलासा आहे. आर्द्रता कमी असली की विघटन मंदावते आणि आपला उन्हाळा कोरडा असतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट घरापेक्षा वऱ्हाडातले घर या एका बाबतीत बरे. पण जूनच्या शेवटी पारडे फिरते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की जिलेटिनवर बुरशी धरते. चार महिने भट्टी आणि चार महिने ओल, या वार्षिक हेलकाव्याचा नेमका परिणाम किती, हे स्थिर तापमानावर आधारलेल्या तक्त्यांतून उमगत नाही. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे आणि घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे उन्हाळ्यात काही अंशांचा फरक असतो. वरच्या हिशेबाने पाहिले तर हे चार-पाच अंशही रिळाच्या आयुष्यात बरीच भर घालतात.

त्यातच कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते खरी, पण ती पाण्याने भरलेली असते. रिळे ‘थंडाव्यात’ राहावीत म्हणून कूलरच्या खोलीत ठेवणारा माणूस तापमानात जे मिळवतो ते आर्द्रतेत गमावतो. त्यापेक्षा जुन्या धाब्याच्या घरातली आतली, भिंतीला ओल नसलेली, जमिनीलगतची खोली बरी. माळा कधीच नाही. लोखंडी कपाटाची सगळ्यात वरची फळीही नाही.

डबा उघडा की बंद, यावर जाणकारांत खरी फूट आहे. एक गट म्हणतो, हवा खेळती हवी. सुटलेले आम्ल बाहेर गेले नाही तर ते आतल्या आत फिल्म खाते. दुसरा म्हणतो, पावसाळ्याची हवा आत येऊ देण्यापेक्षा ओल शोषणाऱ्या पुड्या घालून डबा घट्ट बंद करा. आंबट वास आलेल्या रिळाला पहिला मार्ग आणि निरोगी रिळाला दुसरा, अशी तडजोड अनेक जण सुचवतात. बंद डब्यातल्या पुड्या वेळेवर बदलल्या नाहीत तर त्याच ओल परत सोडतात, एवढे ध्यानात ठेवावे लागते. गंजका पत्र्याचा डबा मात्र दोन्ही गटांना नको आहे. लोखंडाचा गंज आम्लाच्या क्रियेला वेग देतो. पॉलिप्रॉपिलीनचा डबा, रीळ आडवे, एकावर एक पाच-सहाच. आंबलेले रीळ इतरांपासून दूर, कारण तो वास शेजाऱ्याला लागतो. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला ही आपली गोधड्यांची सवय रिळांना लावू नये. गोळ्यांची वाफ फिल्मवर बसते आणि पाला ओल व किडे घेऊन येतो.

फ्रीझरचा मार्ग कागदावर उत्तम आहे. दोन हवाबंद पिशव्यांत, आत आर्द्रता दाखवणारे कार्ड घालून गोठवलेली फिल्म जणू काळ थांबवते. आपल्याकडे हरकत येते ती विजेची. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते, पिशवीवर दव धरते, आणि पिशवी नीट बंद नसेल तर ते पाणी थेट जिलेटिनवर जाते. समर्थक म्हणतात, भरलेला फ्रीझर काही तास थंडावा धरून ठेवतो आणि पिशव्या नीट बंद असतील तर अधूनमधूनच्या खंडाने बिघडत नाही. विरोधक म्हणतात, घरातल्या फ्रीझरमध्ये आंब्याचा रस आणि मटारही असतात, आणि तो दिवसातून दहा वेळा उघडतो.

घरी की पुण्याला

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये उभे राहिले. पुढच्याच वर्षी तिथे रुजू झालेले नायर १९९१मध्ये निवृत्त होईपर्यंत रिळे गोळा करत हिंडत होते. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो तो फाळके कुटुंबाकडे राहिलेल्या तुकड्यांमुळे, आणि ते तुकडे नायरांनी क्रमाने जुळवल्यामुळे. म्हणजे आधी ते घरात टिकले, मग संग्रहालयात. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिले व शेवटचे एवढीच रिळे उरली आहेत, आणि ती १९१३ची की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालते. ‘आलम आरा’ तर गेलाच.

संग्रहालयाच्या बाजूने बोलणारे थंड कोठारे, प्रशिक्षित माणसे आणि नोंदवही दाखवतात. शंका घेणारे ८ जानेवारी २००३चा दिवस आठवतात. त्या दिवशी फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठारांना आग लागली आणि संग्रहालयाचा मोठा साठा राख झाला. एकाच छपराखाली सगळे ठेवण्याचा धोका त्यांना त्यात दिसतो. २०२२मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, त्याच्या बऱ्यावाईटावरही दोन मते आहेत. सरकारबाहेर मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही २०१४मध्ये स्थापन झालेली संस्था २०१५पासून फिल्म जतनाच्या कार्यशाळा घेते. तिथे शिकवतात त्यातले बरेचसे, म्हणजे तपासणी, जॉइंट, नोंद, घरच्या टेबलावर करता येते.

संग्रहालयाला काय हवे असते, हा आणखी एक नाजूक मुद्दा. गाजलेल्या हिंदी सिनेमाची पंचविसावी झिजकी प्रिंट कुणालाच नको असते. पण तिच्यात मूळ प्रतीतून गळालेले एखादे गाणे असू शकते. उलट खामगावच्या कापूसबाजाराची कुणीतरी ८ मिलिमीटरवर घेतलेली तीन मिनिटे जगात एकाच प्रतीत असतात, आणि त्यांना कुणी ‘सिनेमा’ म्हणत नाही. घरगुती फिल्म जपण्याची जाणीव इतरत्र २००३पासून ‘होम मूव्ही डे’सारख्या उपक्रमांतून वाढली. आपल्याकडे चर्चा अजून फीचर फिल्मभोवतीच फिरते.

मालकीचा गुंताही आहे. रीळ तुमच्या घरात आहे म्हणून त्यावरचा सिनेमा तुमचा होत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे चालतो. जपण्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, दाखवण्याला घेऊ शकतात. परत न गेलेल्या प्रिंटचा धनी कोण, हा प्रश्न तर अनेकांना उघडपणे विचारायचाही नसतो. लोक रिळे असल्याचे सांगत नाहीत, त्यामागे हे एक कारण असावे.

काय सुटलेले नाही

कोरडी सफाई सुरक्षित, ओली धोक्याची, आणि उष्णता व ओल यांच्यापुढे धूळ किरकोळ, इतपत चारही पक्ष आज मान्य करतात. सीटीसीच्या जागी घरच्या माणसाला परवडेल, मिळेल आणि बाधणार नाही असे एकही द्रव्य सर्वमान्य झालेले नाही. प्रयोगशाळांतले पर्क्लोरोएथिलीन घरात वापरण्याजोगे नाही. कोरड्या उष्णतेचे चार महिने आणि पावसाचे चार यांची बेरीज कशी करायची, तेही मोकळेच आहे. स्कॅन झाल्यावर मूळ रीळ ठेवावे का, यावर संग्रहालये एकमुखाने ‘हो’ म्हणतात, कारण हार्डडिस्क दहा वर्षांत बंद पडू शकते. जागा नसलेली घरे वेगळे बोलतात. आंबलेल्या रिळाचे राहिलेले आयुष्य सांगणाऱ्या रंगपट्ट्या आहेत. निळी पट्टी डब्यात एक दिवस ठेवायची, ती हिरवी झाली तर आजार सुरू, पिवळी झाली तर घाई करा. पण त्या परदेशातून मागवाव्या लागतात, आणि घरटी दोन-तीन रिळांसाठी कुणी मागवत नाही. म्हणून नाकावरच भिस्त राहते.

सुरुवातीला सांगितला तो डबा माझ्याच घरातला. १६ मिलिमीटरचे चारशे फूट, म्हणजे अकराएक मिनिटे. काठावर ‘सेफ्टी’. कोरड्या कापडाने तीन घड्या काळ्या होईस्तोवर पुसले, प्रोजेक्टरवर चढवले नाही. आता ते प्लास्टिकच्या डब्यात, मधल्या खोलीत, कोठीच्या खाली आडवे आहे. झाकणावर कागद चिकटवला आहे. तारीख, लांबी, आणि वास. मे महिन्यासमोर लिहिले आहे, ‘हलका’. ऑगस्टसमोरची जागा रिकामी आहे.